कार्डावर ‘एक्झिक्युटिव्ह’ छापलं म्हणून कायदा सुटतो का?

पाथर्डीफाटा: परवा इथे, आपल्या नाशिककरांच्या ग्रुपवर, एकाने लिहिलं, “सातपूर-अंबडमध्ये कामगाराला हात लावायची सोय नाही, कायदा सगळा त्यांचाच. आम्हा एक्झिक्युटिव्हना मात्र तासाभरात घरी पाठवतात.” वाचता वाचता चहा गार झाला.

अहो, मीही अंबडला ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ होतो, क्वालिटीला. हाताखाली एक माणूस नाही. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन पीस मोजायचे, रिपोर्ट भरायचा, शिफ्ट संपली की बस. कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही. याला मॅनेजर म्हणायचं? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार की मॅनेजर हे ठरवताना कोर्टं वर्षानुवर्षं हेच बघत आलीत की माणूस प्रत्यक्षात काय काम करतो. हुद्द्याला कोण विचारतो! आणि ज्या पगाराच्या वर कामगार धरत नाहीत ती मर्यादा (जुन्या कायद्यात १० हजार, आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८ हजार) फक्त सुपरवायझरला आहे. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा ६० हजार घेत असला तरी कामगारच. एचआरला हे पाठ असतं. म्हणूनच ऑपरेटरचा रातोरात ‘असोसिएट’ होतो आणि आपण कॉलनीत पेढे वाटतो.

गंगापूररोड: मूळ पोस्ट माझी. मायक्रोमीटरचं कौतुक कळलं, पण मी खरोखरच मॅनेजर होतो. १७ वर्षं. साडेचारला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला राजीनामा, शेजारी पेन, टोपणसुद्धा काढून ठेवलेलं. लॅपटॉप तिथेच ठेवायला लावला. ज्याच्या मुलीच्या लग्नाला मी जेवून आलो त्या वॉचमनने गेटवर माझी बॅग उघडली. बिचाऱ्याने वर बघितलं नाही.

वकील म्हणाले, लेबर कोर्ट तुमच्यासाठी नाही. दिवाणी कोर्ट ‘परत कामावर घ्या’ म्हणत नाही, फार तर भरपाई, म्हणजे बहुतेक नोटीसचा पगार. मी सोडली तर तीन महिने नोटीस, त्यांनी काढलं तर एक तास. आता सांगा कायदा कुणाचा?

फर्स्टशिफ्ट_सातपूर: साहेब, सही का केलीत? सही केली की ती छाटणी राहत नाही, तो ‘स्वखुशीने राजीनामा’ होतो. आमच्यात नवीन पोरगासुद्धा युनियनला विचारल्याशिवाय कागदाला हात लावत नाही.

आणि लेबर कोर्टाचं दार उघडं आहे म्हणता, तर आत येऊन बघा. मला २००९ ला काढलं, निकाल २०२० ला. अकरा वर्षं इंदिरानगरला भाजीची गाडी लावली. जिंकलो, हो. पोरगा तोवर बारावी झाला.

गंगापूररोड: वाईट झालं. पण लाड होतात हे खोटं नाही. आमच्या कॅन्टीनला वर्करला ताट युनियनच्या करारातल्या दराने, स्टाफला दुपटीहून जास्त. वरण तेच, तेवढंच पातळ!

फर्स्टशिफ्ट_सातपूर: तो दर करारात भांडून आणलाय. तुम्ही गेट मीटिंगला कधी उभे राहिलात? काचेआडून मोजत होतात कोण कोण आलंय ते.

मिसळ_दोन_पाव: कॅन्टीनचा विषय निघालाच आहे तर, स्टाफच्या काउंटरला पापड असतो, आम्हाला नाही. यावर बोला.

पाथर्डीफाटा: जुन्या कारखाने कायद्यात २५० च्या वर कामगार असले की कॅन्टीन लागायचंच, त्याच्या कमिटीवर कामगारही असायचे. पापडाचं कमिटीत मांडा.

मिसळ_दोन_पाव: मांडलं. कमिटीच बरखास्त झाली. ठेकेदार बदलला, आता पोहेही गार. आणि ठेकेदारीवरची पोरं तर बाहेर टपरीवर खातात, त्यांना ताटच नाही. त्यांचं कोण बोलतंय इथे?

गंगापूररोड: पापडावर अजून वीस कमेंट येतील, माझ्या नोकरीवर दोन. वा.

फर्स्टशिफ्ट_सातपूर: कारण पापड आम्हाला रोज दिसतो. तुम्हीच कधी दिसला नाहीत. आता नव्या संहितेत छाटणीला सरकारची परवानगी १०० ऐवजी ३०० किंवा जास्त कामगार असले तरच लागते. आमचे लाड तेवढेच उरलेत, हवे असले तर घ्या.

एक विचारतो. ग्रॅच्युइटी मिळाली?

गंगापूररोड: मॅनेजरला नसते म्हणाले.

फर्स्टशिफ्ट_सातपूर: १७ वर्षं कंपनी चालवलीत आणि हे माहीत नाही? १९७२ च्या कायद्यात मॅनेजरही होता, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पाच वर्षं झाली की हक्क, राजीनामा दिला तरी. शेवटचा बेसिक-डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक ५२ हजार धरा: वर्षाला ३० हजार, १७ वर्षांचे ५ लाख १० हजार. ३० दिवसांत द्यायला हवी होती. कामगार खात्यात अर्ज करा.

गंगापूररोड: बेसिक ५२ पेक्षा जास्त होता. असो. अर्ज कसा लिहायचा ते कळेल का? चहा माझ्याकडून.

फर्स्टशिफ्ट_सातपूर: लिहून देतो. चहा नको. एक ताट, स्टाफच्या दराने. पापडासकट.