मदत हवी आहे: ५० − क्ष = १८ सोडवताना सातवीची मुलं चुकतात

खानापूर शिकवणी:
क्ष − ९ = १५ बिनचूक येतं. पण ५० − क्ष = १८ दिलं की उत्तर ६८! शाब्दिक उदाहरणातही संख्यांची अदलाबदल होते. 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे सगळ्यांचं पाठ आहे. मग बिघडतंय कुठं?

गणित बेळगाव:
त्या पाठांतरातच, सर. मुलांनी त्याचा अर्थ 'वजा दिसलं की मिळवायचं' एवढाच घेतलाय. क्ष − ९ मध्ये वजा चिन्ह ९ चं आहे, म्हणून ते चालून जातं. ५० − क्ष मध्ये वजा चिन्ह क्ष चं आहे, ५० धनच आहे. काही दिवस 'बाजू बदल' हा शब्दच उच्चारू नका. दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहायला लावा:

५० − क्ष = १८
५० − क्ष + क्ष = १८ + क्ष
५० = १८ + क्ष
५० − १८ = १८ + क्ष − १८
३२ = क्ष

दोन्हीकडून ५० वजा केले तर −क्ष = −३२ येतं. तेही बरोबरच, पण तिथं क्ष = −३२ लिहून मोकळी होणारी मुलं फार. ऋण संख्या पक्क्या होईपर्यंत वरचीच रीत बरी.

निपाणी पालक:
शाब्दिक उदाहरणाच्या मांडणीचं सांगते. वजाबाकीत '-तून', '-मधून' किंवा '-पेक्षा इतक्यानं कमी' यातलं '-पेक्षा' ज्याला लागलंय ते आधी. 'एका संख्येतून १२ वजा' म्हणजे क्ष − १२, '१२ मधून एक संख्या वजा' म्हणजे १२ − क्ष. कन्नड माध्यमातल्या मुलांना 'रिंद' (म्हणजे '-तून') लागलेली संख्या आधी, असं सांगा.

गोष्टीरूप उदाहरणात मात्र घडलं त्याच क्रमानं लिहायचं: आधी होते − गेले = राहिले. 'निपाणीच्या बसमधून संकेश्वरला १७ जण उतरले, कोणी चढलं नाही, २८ राहिले. आधी किती होते?' 'उतरले' वाचून मुलं २८ − १७ करतात. खरं समीकरण क्ष − १७ = २८, म्हणजे ४५. ('कोणी चढलं नाही' हे प्रश्नात लिहाच, नाहीतर उदाहरण अपुरं राहतं.)

खानापूर शिकवणी:
ताई, हे उद्याच घेतो. पण पडताळा करूनही ६८ ची चूक मुलांच्या नजरेतून कशी सुटते?

गणित बेळगाव:
कारण मुलं ६८ − ५० = १८ करतात आणि बरोबरची खूण करतात. पडताळा मूळ समीकरणातच, क्ष च्या जागी कंस घालून लिहायचा: ५० − (६८) = −१८. उजवीकडे तर १८ आहे, जुळत नाही. ५० − (३२) = १८ जुळतं. तरीही अडलं तर ५० किलोचं तांदळाचं पोतं घ्या: थोडा विकला, १८ किलो उरला. त्यातून ६८ किलो विकता येईल का, एवढंच विचारा.