पॅप स्मिअर: एट्रोफी की एएससी-एच?

खाडीकाठ (दापोली)
हर्णैच्या शिबिरातल्या पॅप स्लाइड्स (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या) आल्यात. एका मासळीवाल्या मावशींचं वय ५८, पाळी कधीचीच बंद. स्लाइडवर इंटरमीडिएट (मधल्या थरातल्या) पेशी जवळजवळ नाहीतच, सगळ्या पॅराबेसल, म्हणजे खालच्या थरातल्या, न पिकलेल्या. एका कोपऱ्यात मात्र लहान पेशींचा पुंजका दिसतो, न्यूक्लियस गडद आणि भोवती सायटोप्लाझम जेमतेम. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम शनिवारी येतात, तोवर काय मार्क करून ठेवू?

लालमाती
या वयात एट्रोफी (इस्ट्रोजेन कमी झाल्याने अस्तर पातळ होणं) असतेच. एवढं काय त्यात!

काचपट्टी (रत्नागिरी)
एट्रोफी असतेच, हे खरं. पण म्हणून पुंजका सोडायचा नाही. एट्रोफीत पॅराबेसल पेशींचा न्यूक्लियस पेशीच्या मानाने मोठाच दिसतो, तेव्हा नुसत्या प्रमाणावर जाऊ नका. ४० च्या लेन्सखाली कड बघा. गुळगुळीत, गोल आणि क्रोमॅटिन (न्यूक्लियसमधला रंग घेणारा भाग) एकसारखं पसरलेलं असेल तर बहुधा एट्रोफी. कड आमसुलासारखी चुरगळलेली, खाचा पडलेल्या, क्रोमॅटिन जाड दाणेदार असेल तर एचएसआयएलची (कॅन्सरपूर्व गंभीर बदलांची) शंका घ्यायलाच हवी.

आणि स्लाइड फिक्स (पेशी टिकाव्यात म्हणून अल्कोहोलमध्ये बुडवणं) कशी केली होती? शिबिरात डोक्यावर पंखा असतो, काच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये जाईपर्यंत सुकते. मग न्यूक्लियस फुगतात, फिकट पडतात, आणि आपण उगाच घाबरतो.

खाडीकाठ
कडेच्या पेशी सुकल्यात खऱ्या. पण पुंजका मध्याकडे आहे, तिथे स्टेन स्वच्छ आहे. दोन-तीन न्यूक्लियसना खाचा दिसतात. बाकीचे गुळगुळीत.

काचपट्टी
मग डॉट लावून ठेवा, निर्णय मॅडमचा. त्यांनाही खात्री वाटली नाही तर बेथेस्डा पद्धतीत (पॅपचे रिपोर्ट लिहायची ठरलेली पद्धत) याच अडचणीसाठी एएससी-एच आहे: एचएसआयएल नाही असं सांगता येत नाही, एवढाच अर्थ. पुढची पायरी कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुख दुर्बिणीतून बघणं. एएससी-यूएससारखं (अर्थ नक्की न लागणारे सौम्य बदल) 'एचपीव्ही विषाणूची टेस्ट करून बघू, निगेटिव्ह आलं तर थांबू' हे इथे चालत नाही.

लालमाती
इस्ट्रोजेन क्रीम देऊन पुन्हा स्मिअर घेतात ना?

काचपट्टी
घेतात, पेशी पिकल्या की चित्र साफ होतं. पण ते स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील, आणि खाचा दिसल्यावर मी तरी त्यावर थांबणार नाही. मावशींना शिबिरातल्या ताईंकडून निरोप द्या, रिपोर्टचा कागद नुसता पाठवू नका. 'कॅन्सर' शब्द कोणी काढला तर सांगा, अजून तसं काही ठरलेलं नाही, दुर्बिणीतून तपासायचंय. आणि तपासणीची तारीख मासळीच्या लिलावाची वेळ सोडून द्या.