माणसं मोजून रस्ता द्यायचा, तर डोंगरातल्या वाड्यांनी काय करायचं?

कोयनाकाठ:
पाटण-जावळीतल्या वाडीनं रस्ता मागितला की पहिला प्रश्न, माणसं किती? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, अट वस्तीला ५०० माणसांची. डोंगरी राज्यं, वाळवंट आणि आदिवासी अनुसूचित क्षेत्र यांना २५० ची सवलत. महाराष्ट्र डोंगरी राज्य नाही, सातारा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे सरकारदरबारी ढेबेवाडी खोऱ्यातला चढ आणि फलटणचं माळरान एकच! चौथ्या टप्प्यातही ५०० चीच अट, तीही २०११ च्या जनगणनेवर. ती गणती झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. तेव्हा आमच्याकडचे कर्ते पुरुष मुंबईत माथाडीत. चैत्रात यात्रेला येऊन मोजा की. माझं म्हणणं, डोंगरी तालुक्यांत माणसं मोजू नका, अंतर आणि चढ मोजा.

वडापवाला:
चढ मोजा, पण डिझेल कोण घालणार? फाट्यापासून वर जीप मी मारतो. पावसाळ्यात कधी दोन म्हाताऱ्या आणि एक गॅसची टाकी, एवढंच भाडं. तिथं एसटीची मोठी गाडी रिकामी फिरवायची? यात्रेचे पाहुणे चार दिवसांत परत जातात. त्यांच्यासाठी बारमाही डांबर टाकायचं का?

ढेबेवाडीची लेक:
दादा, तुमची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेही सांगा. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडली की सगळंच माफ. गाडीच नाही तिथं या सवलती चाटायच्या का? आमची मुक्कामाची गाडी बंद झाली आणि दहावी झालेल्या पोरी घरी बसल्या. आगारात विचारलं तर म्हणे भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही. कॉलेजची वेळ टळल्यावर येणाऱ्या गाडीला भारमान कुठून मिळणार? आधी वेळ बिघडवायची, मग रिकामी म्हणून बंद करायची.

वडापवाला:
वेळेचं खरं आहे ताई. मग छोटी गाडी मागा. नाहीतर आम्हालाच रीतसर परमिट द्या, पोरींचा पास आमच्या जीपला चालू करा, फरक शासनानं भरावा. भरली नाही तरी वेळेवर सोडतो. आज सगळे वडापनंच जातात, आणि कागदावर आम्ही चोर.

मिरजकर:
कडू वाटेल, पण रस्ता आला की माणसं थांबतात हे खरं नाही. आमच्या खानापूर-आटपाडीला डांबर होतं, एसटी होती, तरी सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले देशभर पांगलेच. पाणी नव्हतं म्हणून गेले. मूठभर उंबऱ्यांसाठी घाट फोडण्यापेक्षा फाट्यावर घरं बांधून द्या. शाळा, दवाखाना सगळं जवळ.

कोयनाकाठ:
‘खाली या’ हे आमच्या आज्यानंही ऐकलं होतं. कोयना धरणात उठलेल्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून मिटले नाहीत. शिवसागराकाठच्या कांदाटी खोऱ्यातली माणसं अजून लाँचनं ये-जा करतात. घर मिळेल हो, नाचणीचं रान आणि गुरांची कुरणं फाट्यावर कोण देणार? आणि गलाईवाला पैसे घेऊन गावी येतो, बंगला बांधतो, कारण दारात गाडी जाते. आमच्याकडं वाळूची गोणी डोक्यावर न्यावी लागते.

माणदेशी:
भांडण चालू द्या, पण बऱ्याच वाड्यांचा रस्ता जनगणनेआधी वनजमिनीवर अडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. ग्रामसभेची शिफारस असेल तर रस्त्यासाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, हेक्टरी ७५ पर्यंत झाडं तोडायची मुभा आहे. त्यात लोकसंख्येची अट नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असाल तर मात्र वन्यजीवची वेगळी परवानगी लागते. तुमच्या ग्रामसभेनं ठराव केलाय का?

कोयनाकाठ:
ठराव आहे, पण नुसता ‘रस्ता मिळावा’ असा. कलम, क्षेत्र काहीच नाही.

माणदेशी:
मग तो उपयोगाचा नाही. गट नंबर, लांबी, रुंदी, किती झाडं जाणार, सगळं घालून नव्यानं करा. आधी तलाठ्याकडून नकाशा घ्या, आणि वनरक्षकाला बरोबर घेऊन वाट मोजा.