ढगांआडून उतरणाऱ्या किरणांचे फोटो सपाट येतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी हर्णैला राहतो. पाऊस ओसरायला लागला की भाद्रपद-आश्विनात इथली संध्याकाळ बघण्यासारखी असते. पश्चिमेला ढगांचे ढीग साचतात आणि त्यांच्या फटींतून उन्हाचे झोत सुवर्णदुर्गाच्या बाजूला समुद्रात उतरतात. डोळ्यांना एकेक झोत वेगळा दिसतो. फोटोत मात्र आकाश पांढरंफटक येतं, आणि ते सावरायला गेलं तर बंदरातल्या होड्या काळ्याठिक्कर होतात. झोत म्हणावेत तर नुसते धुरकट पट्टे.

माझ्याकडे साधा डीएसएलआर, १८-५५ मिमी (रुंद दृश्यासाठी) आणि ५५-२५० मिमी (लांबचं जवळ आणायला) या दोन लेन्स, पोलरायझर (आकाशाची चकाकी कमी करणारा फिल्टर) आणि ट्रायपॉड आहे. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, कशावर धरावं? पोलरायझर लावावा का? घरातली मुलं फोनवर काढतात, त्यांनाही काही सांगता येईल का?

आणखी एक. कधी कधी सूर्य पश्चिमेला असताना पूर्वेला, डोंगरांच्या बाजूलाही फिकट गुलाबी पट्टे दिसतात आणि खाली क्षितिजाकडे एकत्र येतात. हे काय असतं? त्याचा एक तरी चांगला फोटो मिळावा असं फार मनात आहे.

प्रतिसाद :
आधी झोतांचं. हवेतल्या बाष्पावर आणि धुळीवर विखुरलेला उजेड म्हणजे झोत, आणि मधले काळपट पट्टे म्हणजे ढगांच्या सावल्या. दोहोंतला फरक अगदी थोडा असतो. एक्स्पोजर जरा जास्त झालं की तो फरक पांढऱ्यात विरून जातो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ ते उणे २ ठेवा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटू देऊ नका, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्या. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) डेलाइटवर पक्का करा, ऑटोवर सोनेरी रंग बऱ्याचदा फिका पडतो. कॉन्ट्रास्ट नंतर वाढवा, तोही फक्त आकाशाचा. होड्यांत तपशील हवाच असेल तर ब्रॅकेटिंग करा, म्हणजे तेच दृश्य कमी-जास्त उजेडात काढून नंतर जोडा. माझं मत विचाराल तर डोलकाठ्या काळ्याच राहू द्या, झोत त्यांच्यामुळेच उठून दिसतात.

पोलरायझर काढून ठेवा. त्याचा जोर सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात सर्वांत जास्त असतो. सूर्याच्या दिशेला तो जवळपास काहीच करत नाही, वर उजेड खातो.

आपल्या किनाऱ्यावर खरा घात खारा वारा करतो. लेन्सच्या काचेवर मिठाचा पातळ थर बसतो. एरवी तो कळत नाही, पण उजेडाकडे तोंड केलं की सगळी चौकट दुधाळ होते. आधी ब्लोअरने कण उडवा, मग किंचित ओलसर कापडाने काच पुसा, आणि हे अधूनमधून करत राहा. हूड (लेन्सपुढची सावली देणारी कडा) लावा, यूव्ही फिल्टर असेल तर काढा.

५५-२५०ने झोत पाण्याला टेकतात तेवढाच तुकडा घेऊन बघा. सूर्यबिंब उघडं असताना मात्र व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, इजा होते.

फोनवर उजळ ढगावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये एक्स्पोजर लॉक होतं, मग ते खाली ओढायचं. एचडीआर (वेगवेगळ्या उजेडाचे फोटो आपोआप एकत्र करणारी सोय) बंद करता आलं तर करा, ते सावल्या उजळवतं आणि झोत पुसट होतात.

प्रतिसाद :
पूर्वेचे पट्टे म्हणजे तेच किरण आणि त्याच सावल्या, तुमच्या डोक्यावरून पलीकडे गेलेल्या. प्रत्यक्षात ते सगळे जवळपास समांतर असतात. कोकण रेल्वेचे रूळ लांबवर जुळल्यासारखे दिसतात ना, तसंच हे. ते सूर्याच्या बरोब्बर समोरच्या बिंदूकडे झुकतात. सूर्य क्षितिजाच्या जितका वर, तितका तो बिंदू पूर्वेला क्षितिजाखाली. म्हणून सूर्य टेकत आला की मागे वळा, मावळल्यावरही थोडा वेळ थांबा.

हे पट्टे पश्चिमेपेक्षा बरेच फिके असतात. १८ मिमीवर घ्या आणि डोंगरांची कड चौकटीत तळाशी ठेवा. पोलरायझरचं ९० अंशांचं गणित इथेही तेच, तेव्हा तो पिशवीतच बरा. बंदरावर माडांमुळे पूर्व झाकली जात असेल तर जरा उंचावर चढून बघा.

धागाकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. मिठाच्या थराचं डोक्यातच आलं नव्हतं. पश्चिमेपासून डोक्यावरून पूर्वेपर्यंत सलग पट्टा एका पॅनोरमात (अनेक फोटो जोडून केलेल्या रुंद फोटोत) जोडायचा असेल, तर १८ मिमीवर कॅमेरा उभा धरून सगळ्या फोटोंना एकच मॅन्युअल एक्स्पोजर द्यावं, की पूर्वेकडे जाताना वाढवत न्यावं? कुणी केलं असेल तर सांगा.