अंडी सुटतात ती ओलाव्यामुळे

मीटलोफ (पावाच्या आकारात भाजलेला खिमा) कापताना आत ठेवलेली उकडलेली अंडी निसटतात, ती का आणि काय करायचं, असा प्रश्न पडतो. जर्मन मीटलोफ ‘फाल्शर हाझे’चं (म्हणजे ‘खोटा ससा’, सशाचा पत्ताच नसतो!) हे नेहमीचं दुखणं. उकडलेली ४ अंडी फडक्याने कोरडी पुसून मैद्यात घोळवा, म्हणजे खिमा धरतो. १ किलो बीफ-पोर्क खिम्यात २ कच्ची अंडी, दुधात भिजवून पिळलेले २ शिळे पाव, १५ ग्रॅम मीठ, परतलेला कांदा. कांदा मात्र पूर्ण गार हवा, नाहीतर चरबी आधीच वितळते. निम्म्या खिम्यावर अंडी टोकाला टोक लावून ठेवा, उरलेला वर थापा. ओल्या हाताने कडा सांधा. हवा अडकली की तिथेच भेग. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर साधारण तासभर भाजा. थर्मामीटर अंड्यात नको, मांसात खुपसा: ७१ अंश दिसले की झालं. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं सुरी लावू नका.