नाताळाचं गिफ्ट म्हणून बकरी द्यावी का? चिठ्ठ्यांच्या गिफ्टचा कंटाळा आलाय

अचलपूरची_सून

जय ख्रिस्त सगळ्यांना, अन् ज्यांच्याकडं नाताळ नसतो त्यांना नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या सासरी सगळे मिळून ११ घरं. अर्धे गावातच, बाकीचे अमरावती-नागपूरला, दोघं पुण्याला. २५ ला चर्चमधून आलं की आमच्याच अंगणात जेवण अन् मग चिठ्ठ्यांचं गिफ्ट (ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला द्यायचं), लिमिट ५०० रुपये. मागच्या वर्षी मला भिंतीवरचं घड्याळ आलं. उलटवून पाहते तर मागचं किंमतीचं स्टिकर अर्धंच खरवडलेलं, अन् ते मीच खरवडलेलं होतं! दोन वर्षांआधी नणंदेला दिलेलं घड्याळ सगळी घरं फिरून माझ्याच घरी आलं. आता घरात तीन घड्याळं आहेत अन् तिघांची वेळ वेगळी.

तर यंदा ठरलं की चिठ्ठ्या बंद, घरटी १००० काढायचे, ११ हजार होतात, त्यातून कोणाच्या तरी कामी येईल असं काही द्यायचं. इथपर्यंत सगळे हो म्हणाले, पुढं भांडण. पुण्याच्या दिरानं एक लिंक पाठवली, त्यात पैसे भरले की कुठल्या तरी गरीब घराला बकरी जाते अन् आपल्याला बकरीच्या फोटोचं कार्ड येतं, ते कार्ड आपण एकमेकांना द्यायचं. सासूबाई म्हणतात बकरी द्यायचीच तर फोटोतली कायले, आपल्याच गावात एक बाई आहे, नवरा जाऊन चार वर्षं झाली, दोन लेकरं, तिलेच आणून द्या. जाऊबाईंचं म्हणणं ब्लँकेट वाटा, थंडी आहे. अन् माझा ९ वर्षांचा पुतण्या म्हणतो मले बॅट पाह्यजे, मी बकरी घेऊन काय करू.

कोणी असं केलंय का? बकरी देणं बरोबर आहे का? अन् लिंकवाली संस्था खरी की खोटी हे कसं ओळखायचं?


वावरातला_माणूस

ताई बकरीचं मी सांगतो, माझ्या घरी १४ हायेत.

बकरी फुकट भेटली तरी फुकट राहत नाही. सकाळी चाराले कोण नेईन? ती बाई मजुरीले जात असन तर आता कापूस वेचाईचे दिवस, सकाळी जाते ते सांजच्याले येते. लेकरं शाळेत. मंग बकरी दिवसभर खुट्याले, अन् खुट्याले बांधली म्हणजे पाला-कुटार इकत आणा. तुरीचं कुटार निघाले अजून दीड-दोन महिने हायेत. एकटी बकरी वरडते बी लय, तिले कळप पाह्यजे. त्यात पीपीआर, आंत्रविषार असे बकऱ्यायचे रोग, लस टोचली नसन तर आठ दिवसात खेळ खतम. गाभण म्हणून इकत घेतली अन् गाभण निघालीच नाही असं बी होते, मह्याच संग झालं, इकणाऱ्यानं लेकराची शपथ खाल्लती.

२००६ साली आठवते का, पंतप्रधान मनमोहन सिंग इदर्भात आलते, सहा जिल्ह्याले पॅकेज भेटलं, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा. त्यात जास्त दूध देणाऱ्या गायी बी वाटल्या. कोरडवाहू माणसाच्या दारात अशी गाय म्हणजे जावई घरी बसल्यासारखं. पेपरात तवा आलतं की घरची माणसं खात नाही तेवढं गाय खाते, लोकायनं इकून टाकल्या. देणाऱ्याचं मन चांगलं असन, पण इचारलं कोणी?

म्हणून म्हणतो, त्या बाईले पयले इचारा. बकरी पाह्यजेच म्हणन तर दोन द्या, एक नोको, अन् आपल्या इकडल्या बेरारी जातीची घ्या, उस्मानाबादीच्या मांगं लागू नोका.


हिशेबनीस

लिंकबद्दल. कार्डवर बकरी असली तरी तुमच्या पैशातून तीच बकरी घेतली जाईल असं बहुतेक ठिकाणी नसतं, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की रक्कम आमच्या सर्वसाधारण कामाला वापरू. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, संस्थेच्या दृष्टीने ते सोयीचंच असतं, पण घरच्यांना सांगताना "आपण बकरी दिली" असं सांगू नका, "देणगी दिली" सांगा.

ही कल्पना मुळात अमेरिकेतली. १९४४ मध्ये हायफर नावाची संस्था सुरू झाली, डॅन वेस्ट नावाचे गृहस्थ होते. स्पेनच्या यादवी युद्धात ते निर्वासितांना दूध वाटत होते, पेला-पेला दूध किती दिवस पुरणार, त्यापेक्षा गायच द्यावी हे तिथं डोक्यात आलं. पण त्यांची एक अट होती जी कार्डवाल्यांच्या जाहिरातीत कुठंच दिसत नाही: गायीला झालेली पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यायची. आपल्याकडे बटईनं (वाट्यानं) जनावर देतात त्याच्या जवळचं आहे, फक्त वाटा मालकाकडे परत न येता पुढं जातो.

खरी-खोटी कशी ओळखायची तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकरची १२ए (संस्थेची नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला टॅक्समध्ये सूट) मान्यता विचारा, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांची यादी) नाव आहे का बघा, आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. खरी संस्था लगेच पाठवते. जी "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणते तिला नमस्कार करायचा.

८०जी ची सूट हवी असेल तर २००० च्या वर रोख देऊ नका, चेक किंवा यूपीआय, आणि फॉर्म १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) मागून घ्या. वस्तू दिली तर सूट नाही, म्हणजे गावातल्या बाईला बकरी देऊन टॅक्स वाचत नाही. आणि नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाहीच.


मेळघाटातली_आशा

ब्लँकेटवाल्या जाऊबाईसाठी लिहिते. मी आशा (गावातली आरोग्य सेविका) आहे, धारणी तालुक्यात. थंडी खरी आहे, पण डिसेंबरात आमच्या गावात या अन् दारं मोजा, निम्म्याला कुलूप असते. कोरकू आदिवासी घरं दिवाळी झाली की कामाला बाहेर जातात, परतवाड्याकडं, अमरावतीकडं, कोणी त्याच्याही पुढं, ते होळीलाच परत येतात. होळी त्यांचा मोठा सण. तुम्ही नाताळाला ब्लँकेट घेऊन याल तर भेटतील म्हातारे अन् त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं, ज्याला खरी गरज आहे तो वीटभट्टीवर उघड्यावर झोपलेला राहील. ब्लँकेट द्यायचंच असेल तर तुमच्या अचलपूरच्या आजूबाजूच्या भट्ट्यांवर जा, तिथं आमचेच लोक भेटतील तुम्हाला.

अन् जुने कपडे नका आणू हो. दोन वर्षांआधी एका शहरातून ग्रुप आला, नाव नाही सांगत, टेम्पो भरून कपडे. त्यात लग्नातला शेरवानी होता, चैन तुटलेल्या जीन्स, एका पायाचे मोजे. लेकरांना लाल टोप्या घातल्या, रांगेत उभं केलं, फोटो काढले, अन् जाताना टोप्या परत घेतल्या!! दुसऱ्या कार्यक्रमाला लागतात म्हणे. एक पोरगी टोपी सोडेना, तिच्या डोक्यावरून ओढून काढली. मी तिथंच उभी होती, मला काही बोलता नाही आलं त्याचा अजून राग येतो.


अचलपूरची_सून

अगं बाई, टोपी परत घेतली?? हे वाचून दाखवलं घरात, सासूबाई गप्पच बसल्या.

भट्टीचं लक्षात ठेवते. बकरीचं पण पटलं, आमच्या कोणाच्याच डोक्यात चाऱ्याचं आलं नव्हतं. अजून एक अडचण, नाताळाच्या नावानं काही वाटलं की गावात उगाच कुजबूज होते, हे कशासाठी देतात वगैरे. मागं महिला मंडळानं वह्या वाटल्या तेव्हा झालं होतं. त्यामुळं नाव न लावता द्यायचं असं पाळकसाहेब पण म्हणाले.


रिटायर_गुरुजी

पाळकसाहेबांचे म्हणणे योग्य आहे. ज्याच्यावरून हा लाल टोपीवाला सांता निघाला तो निकोलस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याची कथा अशी सांगतात की एका माणसाला तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, तर निकोलसने रात्री गुपचूप त्याच्या घरात पैशांची थैली टाकली, एकेका मुलीसाठी एकेक. आपल्या विदर्भातल्या बापाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. थैली टाकणाऱ्याचा फोटो नव्हता एवढेच लक्षात घ्यावे. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो.

माझी सूचना. त्या बाईंची किराणा दुकानात उधारी असेलच. दुकानदाराला गाठून ती परस्पर चुकती करावी. कोणी केली हे कळायचे कारण नाही.


वावरातला_माणूस

गुरुजी माफ करा पण तुम्ही गावात राहता का शहरात? दुकानदाराले सांगतलं म्हणजे लाउडस्पीकरले सांगतलं. सांजच्यापर्यंत पारावर चर्चा, कोणी भरले, काऊन भरले, एकटी बाई हाय, नाही त्या गोष्टी जोडतीन लोकं. तिले दुकानात तोंड दाखवणं जड होईन. गुपचूप द्यायचं ते बाईनं बाईले द्यावं, ते बी घरात बसून.

बाकी निकोलसची गोष्ट झकास हाय, मले माहीत नव्हती.


रिटायर_गुरुजी

खरे आहे. दुकानदाराचा मी विचार केला नाही. सूचना मागे घेतो.


वर्धेवाली

पुतण्याची बॅट कोणीच मनावर घेतली नाही म्हणून मी लिहितेय 😄 त्याला बॅट द्या हो. मोठ्यांनी आपलं घड्याळ सोडलं ठीक आहे, पण लेकराच्या हातात कार्ड ठेवून "तुझ्या नावानं बकरी दिली" म्हणायचं म्हणजे दान आपलं अन् खर्च त्याचा. आमच्याकडं एका वर्षी असंच केलं होतं, माझी मुलगी ७ वर्षांची, तिनं कार्ड उलटसुलट करून पाह्यलं अन् विचारलं "मग बकरी कुठाय", अन् जेवायलाच उठली नाही. आता आम्ही काय करतो, लेकरांना त्यांचं त्यांचं गिफ्ट, अन् वेगळे १०० रुपये हातात देतो, ते कोणाला द्यायचे ते त्यानं ठरवायचं. मागच्या वर्षी तिनं ते शाळेबाहेरच्या बोरं विकणाऱ्या आजीला दिले, अन् आजीनं तिला ओंजळभर बोरं दिली, म्हणजे दान झालं का खरेदी झाली माहीत नाही.

मोठ्यांना अगदीच हातात काही द्यायचं असेल तर घड्याळापेक्षा आपल्या इकडच्या वस्तू घ्या, पैसा बनवणाऱ्याकडं तरी जातो. वरोऱ्याला आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेले अन् अपंग लोक हातमागाचं कापड अन् ग्रीटिंग कार्डं बनवतात. वर्ध्याला मगन संग्रहालयाची खादी, नैसर्गिक रंगाची (हे संग्रहालय १९३८ ला गांधीजींच्या हातानं सुरू झालं). मेळघाटात लवाद्याला बांबू केंद्र आहे, त्यांच्या राख्या लोकांना माहीत असतात. अन् काहीच नाही तर वायगावची हळद पाव-पाव किलो कापडी पिशवीत भरून द्या, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली आहे, पुण्याचे लोक तर उड्या मारतात, अन् हळद कोणी पुढच्या वर्षी तुम्हाला परत देणार नाही.

चॉकलेटचे डबे मात्र मी बंद केले. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट अन् घानातून येतो अन् तिथल्या बागांत लेकरं राबतात हे वाचलं तेव्हापासून. आपल्या इकडं डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री असताना चॉकलेट कशाला, एक पेटी संत्री सगळ्यांना पुरते.


अचलपूरची_सून

काल जाऊन आले, सांगायलाच आलेय. सासूबाई अन् मी, दोघीच, दुपारी ती वेचणीहून लवकर आली होती. हाताच्या बोटांना बोंडाचे काटे लागून लागून चिरा पडलेल्या, त्याच हातानं चहा ठेवला. सासूबाईंनी सरळ विचारलं, आमच्या घरचे काही देणार आहेत, बकरी देऊ का? तर ती हसायलाच लागली, "नोको माय, मले मीच सांभाळणं होत नाही". मग बराच वेळ काही बोलली नाही. मी आपली कप धुवायला उठले, तेव्हा सासूबाईंजवळ हळूच म्हणाली की दोन एकर तूर उभी आहे, मागच्या वर्षी सोंगून ढीग लावला अन् रात्री पाणी आलं, खालची सगळी काळी पडली, व्यापाऱ्यानं भाव पाडला. ताडपत्री पाह्यजे म्हणे. दरवर्षी शेजाऱ्याची मागते, पण पाणी येते तेव्हा शेजाऱ्यालाही लागते ना.

अन् म्हणाली आता नोको, जानेवारीत द्या, आता आणली तर लेकरं अंथरून खराब करतीन, नाहीतर भाऊ मागून नेईन.

म्हणजे आमचं नाताळाचं गिफ्ट नाताळात जाणारच नाही! पुण्याच्या दिराला सांगितलं तर म्हणतो मग २५ ला आम्ही काय उघडायचं. त्याला हळद देऊ. पुतण्याची बॅट घेतली. उरलेल्या पैशातून भट्टीवर ब्लँकेट, ते मात्र याच आठवड्यात, आशाताई तुम्ही सांगितलेल्या बाजूला.

वावरातले भाऊ, आता तुम्हीच सांगा, दोन एकराच्या तुरीच्या ढिगाले केवढी ताडपत्री लागते? परतवाड्यात दुकानवाला १५ बाय २० फुटांची दाखवत होता, पातळ वाटली.


वावरातला_माणूस

१५ बाय २० नं काही होत नाही, ढिगाच्या कडा उघड्या राहतीन. १८ बाय २४ घ्या, दुकानदाराले जीएसएम (ताडपत्रीची जाडी) इचारा, २०० च्या खाली घेऊ नोका, अन् कडेले पितळी कडी हाय का ते पाहा, नाहीतर वाऱ्यानं पहिल्याच रात्री फाटते. दोर बी सोबतच घ्या, तो कोणी देत नाही.