भट्टीच्या सुरक्षेचा कोर्स: व्हिडिओत निर्णय कामगारालाच घ्यायला लावायचा तर फाटे किती ठेवावेत?

उद्यमबाग_ट्रेनिंग

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) ट्रेनिंग बघतो. इंडक्शन भट्टीवर, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीवर, नवीन येणाऱ्या मुलांसाठी मोबाइलवरचा कोर्स करायचाय. सध्या काय चालतं तर एक लांबलचक व्हिडिओ आणि शेवटी चार प्रश्न. मुलं व्हिडिओ लावून चहाला जातात, परत येऊन एकमेकांना विचारून टिक करतात. सगळ्यांना शंभर टक्के! कागदावर आमच्याइतकी सुरक्षित फाउंड्री कर्नाटकात नसेल.

माझ्या डोक्यात असं आहे: पावसाळा, यार्डातलं स्क्रॅप भिजलेलं, भट्टीत निम्मं मेटल वितळलेलं, मागून सुपरवायझर "टाक की लवकर" म्हणून ओरडतोय. इथं व्हिडिओ थांबायचा. टाकायचं, बाजूला काढायचं की सुपरवायझरला अडवायचं, ते बघणाऱ्यानं ठरवायचं आणि पुढं काय होतं ते त्याला दिसायचं. असे तीन प्रसंग, प्रत्येकी तीन पर्याय. पण प्रत्येक पर्यायाला वेगळी वाट देत सरळ झाड काढलं तर शेवट २७ होतात. एवढं शूटिंग कोण करणार? शिवाय मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही भाषा लागतात. आणि स्फोट दाखवायचा कसा?

हिंडलग्याची_मी

२७ कशाला? चुकीची वाट थोडी पुढं न्या, परिणाम दाखवा आणि त्याच थांब्यावर परत आणा. मग मुख्य रस्ता एकच राहतो, आडवाटा फक्त सहा. एचफाइव्हपी म्हणून असे धडे बनवायचं साधन आहे, त्यात ब्रँचिंग सिनॅरिओ हा फाट्यांचा प्रकार मिळतो. फुकट आहे आणि मूडल या कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर चालतो. एका फाट्यावर व्हिडिओ, दुसऱ्यावर नुसता फोटो आणि आवाज, असंही जमतं.

भाषेसाठी एक करा: कॅमेऱ्यासमोर कुणाला बोलवूच नका. हात, स्क्रॅप, पॅनेल, भट्टीचं तोंड एवढंच घ्या आणि आवाज मागून द्या. ओठ जुळवायची भानगड राहत नाही, एकाच शूटिंगवर तिन्ही भाषा चढतात. पर्यायांच्या बटणांवर चित्रं ठेवा. वाचायला लावलं की निम्मी मुलं अंदाजानं दाबतात.

तुमचा एलएमएस, म्हणजे कोर्स चालवून मार्क ठेवणारं सॉफ्टवेअर, स्कॉर्म १.२ या जुन्या पद्धतीचा असेल तर आधी बघून घ्या. मधली प्रगती साठवायला त्यात ४०९६ अक्षरांचीच जागा असते. फाटे वाढले की ती भरते, आणि मुलगा जेवून आला की कोर्स पहिल्यापासून.

मच्छे_भट्टीवाला

मी भट्टीवरचा माणूस, आता घरी असतो. वरचं सगळं वाचलं. कॉम्प्युटरचं मला कळत नाही, पण प्रसंग चुकलाय.

स्क्रॅप ओलं दिसतंय आणि टाकू का विचारलं तर कुठला शहाणा हो म्हणेल? तिथं कुणी फसत नाही. फसतात ते वरून कोरडं दिसतं तिथं. तोंड दाबलेला पाइप, बंद डबा, आत वाटीभर पाणी. ते वितळलेल्या मेटलखाली गेलं की पाण्याची वाफ होते, सोळा-सतराशे पट फुगते आणि मेटल घेऊनच वर येते. तेव्हा ढिगाऱ्यात तसला एक पाइप ठेवा आणि काही विचारूच नका. बघणाऱ्यानं बोट ठेवून तो बाहेर काढला तर पास.

दुसरा प्रसंग ब्रिजिंगचा घ्या. वर स्क्रॅप अडकून झाकण बसतं, खाली मेटल तापत राहतं, आणि पोरं सळई घेऊन ढोसूलैत! पॉवर आधी बंद, हे त्यांच्या बोटाला कळलं पाहिजे. पॅनेलचं बटण खरंखुरं दाखवा, आमच्याकडं दर भट्टीचं वेगळं असायचं.

स्फोट दाखवू नका. पोरं सिनेमा म्हणून बघतील आणि एकमेकांना पाठवतील. पडदा काळा करा, आवाज घाला आणि दुसऱ्या दिवशीची रिकामी भट्टी दाखवा.

आणि सुपरवायझरला नाही म्हणायचा पर्याय दिलाय तर आधी सुपरवायझरला तो कोर्स करायला लावा. नाहीतर व्हिडिओत नाही म्हणणारं पोरगं शिफ्टमध्ये शिव्या खाणार.

उद्यमबाग_ट्रेनिंग

पाइपचं एकदम पटलं, तो प्रसंग बदलतो. सुपरवायझरांची बॅच पहिली. ते कुरकुर करतील, पण मॅनेजरसाहेबांशी मी बोलतो.

हिंडलग्याच्या ताई, ढिगाऱ्यातल्या पाइपवर बोट ठेवायचं एचफाइव्हपीत जमतं का?

हिंडलग्याची_मी

जमतं, फोटोवर हॉटस्पॉट (बोट ठेवलेलं ओळखणारी जागा) लावायचा. फक्त ढिगाऱ्याचा फोटो जवळून काढा. पाच इंची मोबाइलवर तो पाइप बोटाच्या टोकापेक्षा मोठा दिसला पाहिजे.